रकाना नाही

सकाळी साडेसहाला दस्तगीर व्हॉल्व्ह सोडतो,
मिरजेला पाणी जातं,
आणि मी काचेच्या नळीत दहा मिली कृष्णा धरून
उजेडाकडं बघते.
औषधाचे थेंब टाकले की पिवळं पडतं.
पडलं म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे बरं आहे.
बावीस वर्षं मी या पिवळ्यावर जगतेय.

फॉर्म तोच. रंग, वास, गढूळपणा,
पीएच, क्षार, जंतू.
खाली शिक्का: पिण्यास योग्य.

गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरहून एक पोरगी आली,
मृदुला की मृण्मयी, आता आठवत नाही.
थर्माकोलच्या खोक्यात बर्फ,
बर्फात तपकिरी बाटल्या.
म्हणाली, मॅडम, लांब राहा जरा,
तुम्ही सकाळी लावलेली क्रीमसुद्धा
आमच्या मशीनला पाण्यात दिसते.
मी हसले. दस्तगीर हसला नाही.
त्यानं हात पँटीला पुसले.

सात महिन्यांनी कागद आला.
त्यावरची नावं मला पाठ होती,
पण पाण्यातली म्हणून नव्हे.
ती मी पाहिलेली उशाशी, फ्रीजवर,
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, रुपेरी पट्ट्यांवर.
साखरेची गोळी. फिटची गोळी.
ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून दिलेलं अँटिबायोटिक.
आणि ती एक, जिचं नाव बायका
दुकानदाराला तोंडानं सांगत नाहीत,
चिठ्ठी पुढं करतात.

अख्खी सांगली सकाळी मोरीत जाते
आणि शेरीनाल्यातून तिचा केसपेपर
माझ्याकडं येतो.

पुढं आकडे. नॅनोग्रॅम.
पुतण्याला समजावलं:
गणेश तलावात चिमूटभर मीठ टाकलं, असं समज.
"चिमूटभरच की," तो म्हणाला.
हो. पण रोज.

साहेबांना कागद दाखवला.
मर्यादा किती दिलीय?
मर्यादा दिलेली नाही, साहेब.
मग ओलांडली कशी म्हणता?
बरोबर आहे. फॉर्ममध्ये तसा रकानाही नाही.
कागद मी फाइलीत लावला,
कुठल्या फाइलीत, यावर अर्धा तास गेला.

मणेराजुरीला माझ्या मावसभावाची बाग.
दोन-अडीचशे औषधांसाठी त्याचे घड तपासतात,
एकात जरी थेंब जास्त निघाला तरी कंटेनर परत.
द्राक्षाला हॉलंडला जायचंय.
पाण्याला कुठं जायचंय?

परवा अण्णा आले सांगलीहून.
जेवले. पिशवीतून पट्टी काढली,
अंगठ्यानं टचकन गोळी फोडली.
"पाणी दे गं, विपुला."
मी पेला घेऊन नळाखाली उभी.
ही गोळी अंगात मोडत नाही, वाचलंय मी.
आपलं काम करते
आणि आली तशी निघून जाते.
सांगलीत गिळलेली मिरजेत मला भेटते.
सांगावं का, अण्णा,
तुमची गोळी मीही घेते, थोडी थोडी,
आणि मला साखर नाही?
काय होतं त्यानं, ते मला ठाऊक नाही.
त्या पोरीलाही नव्हतं. तिनं तसं स्पष्ट सांगितलं,
तेवढ्यासाठी तिचं नाव आठवायला हवं होतं.

"काय बघतीस? गढूळ हाय?"
नाही अण्णा, स्वच्छ आहे.
खोटं नव्हतं ते.
पेल्याच्या तळाचा पोचा लख्ख दिसत होता.

सोमवारी शिक्क्याचं पॅड सुकलेलं.
शाई मागवलीय, आली नाही अजून.
दस्तगीर म्हणाला, दोन थेंब पाणी टाका, चालतंय.
टाकले.
जरा फिकं उठलं,
पण वाचता येतं.